लाडवातली गोडंबी आणि तिसऱ्या दिवशीचं पुरळ

प्रश्न, थोडक्यात: "वय ३१. बाळंतपणाला दोन महिने झाले. आईने डिंकाचे लाडू करून दिले होते: डिंक, खारीक, खोबरं, काजू, गोडंबी, जायफळ. रोज सकाळी एक खात होते. पहिल्या डब्याला काही झालं नाही. दुसरा डबा उघडला आणि तिसऱ्या दिवशी काखा, जांघा, नितंब आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला लाल पुरळ उठलं, खाज सहन होईना. त्याच वेळी डाव्या घोट्यावरचा लहानपणीचा डाग फुगून त्यातून लस वाहायला लागली. (पाय मुरगळला म्हणून आजीने तिथे बिब्बा लावला होता आणि तो उतला होता.) घरचे म्हणतात उष्णता. रक्ताची फूड अॅलर्जीची मोठी तपासणी केली, त्यात गहू, दूध, वांगं, तूर, शेंगदाणे धरून ३८ नावं लाल रंगात आली. तीन आठवडे हे सगळं बंद आहे. अंगात ताकद राहिली नाही, पुरळ मात्र आहेच. ही फूड अॅलर्जी आहे का? आणखी कोणती टेस्ट करू?"

ताई, आधी कामाचं बोलते. गहू, दूध, तूर, शेंगदाणे आजपासून पुन्हा सुरू करा. हे सगळं तुम्ही जन्मभर खात आलात आणि खाल्ल्यावर तासा-दोन तासांत कधी काही झालं नाही, म्हणून इतक्या ठामपणे सांगते. बंद करायचे ते लाडू. ते थांबवलेत का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि माझा अंदाज आहे की नसतील थांबवले. कारण तुम्ही लिहिलेल्या लाल नावांत गोडंबी, म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर, नाही. अशा तपासण्यांच्या यादीत ती सहसा नसतेच. बाळाला दूध पाजत राहा, ते थांबवायचं काही कारण नाही.

पत्रावरून शिक्कामोर्तब करता येत नाही, अंग डोळ्यांनी बघावं लागतं. पण तुम्ही तीन गोष्टी आपणहून लिहिल्यात: डबा उघडल्यावर तिसरा दिवस, काखा-जांघा-नितंब, आणि घोट्यावरचा जुना डाग. या तिन्ही एकत्र आल्या की माझ्या मनात पहिलं नाव येतं ते सिस्टेमिक कॉन्टॅक्ट डर्मटायटिसचं. म्हणजे एखादी वस्तू आधी कधीतरी कातडीला लागलेली असते आणि कातडीने तिच्याशी वैर धरलेलं असतं. पुढे तीच वस्तू किंवा तिची सख्खी बहीण तोंडावाटे, इंजेक्शनातून किंवा श्वासातून आत गेली की बाहेरून काहीही न लागता कातडी पेटते.

अशा तक्रारीत 'काय खाल्लं' हे मी पहिल्यांदा विचारत नाही. आपण दिवसभरात इतकं काय काय खातो की त्या प्रश्नाला उत्तर म्हणून आख्खं स्वयंपाकघर समोर येतं. मी विचारते, खाल्ल्यापासून किती वेळाने उठलं, कुठे उठलं, आणि उठलेला चट्टा त्याच जागी किती दिवस राहिला. बहुतेक वेळा अर्धं निदान इथेच होतं. रक्ताच्या तपासणीला यातलं काहीच ठाऊक नसतं.

तासाभरात उठतं ते आपलं ओळखीचं अंगावर पित्त उठणं. कोळंबी खाल्ली, अर्ध्या तासात ओठ सुजले, अंगभर गांधी आल्या. हे आयजीई नावाच्या प्रतिपिंडांचं काम, आणि त्याला मिनिटांपासून फार तर दोन तास लागतात. गांधी ओळखायची खूण घरी बघता येते. एका गांधीभोवती बॉलपेनने रेघ ओढून ठेवा. चोवीस तासांच्या आत ती तिथून विरते, डाग ठेवत नाही, दुसरी भलतीकडे उठते. तुमचे चट्टे तीन आठवडे जागचे हललेले नाहीत, म्हणजे हे पित्त नव्हे. आमसूल कोळून अंगाला चोळलंत तर गार वाटेल, तेवढंच. आणि जाता जाता: पित्त सहा आठवड्यांहून जास्त दिवस रोज उठत असेल तर त्यामागे अन्न असण्याची शक्यता फारच कमी. तरी वर्षानुवर्षं वांगं, टोमॅटो, डाळ सोडून बसलेली माणसं मी बघते. ती गोळ्यांनी बरी होणारी होती.

तासाभरातल्या पुरळात एक तोतयाही असतो, आणि कोकण-गोव्याकडच्या वाचकांना तो ठाऊक असावा. बांगडा, सुरमई, कुपा यांसारखा मासा पकडल्यावर बर्फात नीट ठेवला नाही तर त्यात जिवाणू हिस्टामिन नावाचं रसायन तयार करतात. ताटात बसल्या बसल्या तोंड लालबुंद होतं, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं. मासा कितीही शिजवला तरी हिस्टामिन जात नाही. पंगतीतल्या दोघा-चौघांना एकदम झालं तर ती अॅलर्जी नाही, मासा खराब होता. एकट्यालाच झालं तर मात्र तपासा, नाहीतर मासे आयुष्यभरासाठी उगाच सुटतात किंवा उगाच सुरू राहतात.

काही तासांत, आणि दरवेळी नेमक्या त्याच जागी, एक गोल जांभळट चट्टा उठतो, जळजळतो आणि जाताना काळा डाग ठेवून जातो. ओठ, बोटं, पुरुषांत शिश्नाचं टोक या त्याच्या आवडीच्या जागा. हे जवळजवळ नेहमीच औषधाचं काम असतं. आपल्याकडे जुलाबाच्या गोळ्यांतली मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, ऑर्निडाझोल ही मंडळी, सल्फाची कोट्रायमोक्साझोल, आणि अंगदुखीच्या गोळ्या यात पुढे असतात. दुकानातून सुटी गोळी घेतलेली असते, ती 'औषध' म्हणून कुणाच्या लक्षातच राहत नाही. मग 'हॉटेलात जेवलो की ओठावर येतं' असं सांगतात. खरी साखळी अशी असते की हॉटेलात जेवलं की पोट बिघडतं, पोट बिघडलं की ती गोळी, आणि गोळीने ओठावर डाग. बाळंतपणानंतर तुम्हाला अँटिबायोटिक आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या असणारच, त्यांची पाकिटं शोधून ठेवा. तुमचा घोट्यावरचा डाग एकटाच उठला असता तर मी हेच निदान पहिलं धरलं असतं.

नव्याने सुरू केलेल्या औषधाचं गोवरासारखं पुरळ बहुधा चौथ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत उठतं, कधी गोळ्यांचा कोर्स संपल्यावरही. आणि फिटच्या काही गोळ्या किंवा युरिक अॅसिडची अॅलोप्युरिनॉल यांच्या गंभीर प्रतिक्रिया दोन ते आठ आठवड्यांनीही येतात. तेव्हा 'ही गोळी तर महिनाभर घेतोय, तिने कसं होईल' हा युक्तिवाद इथे चालत नाही. उलट तो महिनाच संशय वाढवतो.

आता तुमचा तिसरा दिवस. बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत जे उठतं ते टी-पेशी या शरीराच्या संरक्षक पेशींचं काम. पहिल्यांदा बिब्बा लागला तेव्हा त्यातल्या तेलाला ओळखणाऱ्या पेशी तयार व्हायला दहा-पंधरा दिवस गेले असतील. पुढच्या वेळी त्या तयारच असतात, तरी त्यांना जमून, फुगून, पुरळ दिसेपर्यंत एक-दोन दिवस लागतात. यातल्या काही पेशी जिथे पहिली जखम झाली त्या जागीच मुक्काम करून राहतात. म्हणून वीस-पंचवीस वर्षांनी तेल पोटातून रक्तात आलं तरी घोट्यावरची ती जुनी जागा सगळ्यांत आधी किंवा सगळ्यांत जोरात उठते. जुन्या जागेचं असं पुन्हा फुलणं हा या आजाराचा सगळ्यांत बोलका पुरावा, आणि तो तुम्ही कंसात लिहिला आहे!

काखा, जांघा आणि नितंबच का, हे कुणालाही पटेल असं अजून उलगडलेलं नाही, पण नमुना पक्का आहे. १९८४ साली डॅनिश त्वचातज्ज्ञांनी अशा रुग्णांचं वर्णन करताना त्याला चक्क 'बबून सिंड्रोम' म्हटलं, बबून माकडाचा मागचा भाग लाल असतो म्हणून. अशा काही रुग्णांना फुटलेल्या थर्मामीटरमधल्या पाऱ्याने झालं होतं. पारा श्वासातून आत गेला आणि आधी कधीतरी पाऱ्याने चिडलेली कातडी उठली. रुग्णाला तोंडावर हे नाव सांगू नये, अर्थातच.

बिब्ब्याबद्दल थोडं सविस्तर. बिब्बा ज्या कुळातला, त्याच कुळात काजू आणि आंबा येतात, आणि अमेरिकेतली पॉयझन आयव्ही ही खाजरी वेलही. काळ्या कुळकुळीत टरफलाच्या आतल्या पोकळ्यांत दाट तपकिरी तेल असतं, हवा लागली की ते काळं पडतं. खोड्या करते ती हीच वस्तू. परीट याच तेलाने कपड्यांवर खुणा करत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांना मानेवर, कंबरेवर, नेमक्या त्या खुणेखालीच इसब उठायचं, तेव्हा हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकांत गाजलं. गोडंबी म्हणजे त्या टरफलाच्या आतला पांढरा गर. गरात ते तेल जवळजवळ नसतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माणसं गोडंबीचे लाडू सुखाने खात आली. पण बिब्बा हाताने फोडतात. फोडणाऱ्या बायकांची बोटं काळी पडलेली असतात, त्यावरूनच कळावं तेल किती उडतं. फोडताना टरफलाची कपची गरासोबत आली, किंवा गरावर तेल माखलं, की ते लाडवात जातं. तुमच्या दुसऱ्या डब्याची गोडंबी वेगळ्या दुकानातली किंवा वेगळ्या पुडीतली होती का, हे आईला विचारा. उरलेली पुडी असेल तर पांढऱ्या कागदावर ओतून उजेडात बघा. काळे कण, गरावर तपकिरी डाग, तेलकट काळपट कडा दिसल्या तर मला वेगळी टेस्ट नको. बघताना हातमोजे घाला, आणि ती चाखून तर मुळीच बघू नका.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. १९८२ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात मुलांच्या बेसबॉल क्लबने निधीसाठी मोझांबिकहून आलेले काजू विकले. खाल्ल्यावर एक ते आठ दिवसांत ५४ जणांना खाजरं पुरळ उठलं, काहींच्या तोंडात फोड आले, काहींना गुदद्वाराशी खाज सुटली. पिशव्यांत काजूच्या टरफलाचे तुकडे सापडले. काजूच्या टरफलातलं तेल आणि पॉयझन आयव्हीचं तेल एकमेकांचे नातेवाईक, आणि तिकडच्या बऱ्याच लोकांची कातडी आयव्हीने आधीच चिडलेली. कोरियात लाखेच्या झाडाची साल घालून कोंबडी शिजवतात, तिकडेही असे रुग्ण येत असतात. झाड त्याच कुळातलं.

इथे एक घोळ होतो तो सांगते. काजू दोन पूर्ण वेगळ्या रीतींनी त्रास देतो. एक, काजूच्या गरातल्या प्रथिनाची अॅलर्जी: काही मिनिटांत ओठ सुजणं, उलटी, गांधी, कधी थेट जिवावर. रक्तातली आयजीई आणि कातडीला सुई टोचून केलेली प्रिक टेस्ट फक्त हे बघतात. दुसरी रीत टरफलाच्या तेलाची, दोन दिवसांनी उठणारी. ती या दोन्ही तपासण्यांत कधीच दिसत नाही. त्यामुळे 'काजूची टेस्ट निगेटिव्ह आली, म्हणजे काजू-गोडंबीचा संबंध नाही' हे अनुमान चुकीचं. अहवाल खरा असतो, फक्त प्रश्न दुसरा विचारलेला असतो.

तुमच्या ३८ लाल नावांकडे येते. अहवालाच्या कोपऱ्यात आयजीजी लिहिलंय की आयजीई ते बघा. आयजीजी असेल तर तो कागद बाजूला ठेवा. आयजीजी, त्यातही आयजीजी४, म्हणजे 'हे अन्न मी खाल्लेलं आहे' याची शरीराकडची नोंद. रोज पोळी-दूध-आमटी खाणाऱ्या बाईला गहू, दूध, तुरीच्याच रेघा लाल येणार. युरोपातल्या अॅलर्जी तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच स्पष्ट सांगितलं की अन्नाची अॅलर्जी शोधायला ही तपासणी वापरू नये, आणि अमेरिका-कॅनडातल्या संघटनांचं मतही तेच आहे. तरी ती विकली जाते, कारण तिचा अहवाल रंगीत असतो आणि कधीच रिकामा येत नाही. आयजीई असेल तरीसुद्धा, आकडा वाढलेला असणं आणि तो पदार्थ खाऊन त्रास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्रासाची हकिगत आधी हवी, मग त्या हकिगतीतल्या दोन-चार पदार्थांपुरती तपासणी. अंधारात जाळं टाकण्यासारखी दोनशे पदार्थांची तपासणी बाळंतिणीच्या ताटातलं अन्न तेवढं काढून घेते.

उशिरा उठणाऱ्या इसबासाठी खरी तपासणी म्हणजे पॅच टेस्ट. योजेफ याडासोन या जर्मन त्वचातज्ज्ञाने ती १८९५ साली मांडली, आणि गाभा अजून तोच आहे. छोट्या छोट्या अॅल्युमिनियमच्या वाट्यांत ठरलेल्या प्रमाणातले पदार्थ भरून पाठीवर चिकटवतात, ४८ तास ठेवतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. आपल्या उन्हाळ्यात हेच अवघड, म्हणून मी शक्यतो पावसाळा सरल्यावर करते. पट्टी काढल्यावर एकदा आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी, अशी दोनदा वाचावी लागते. पहिल्या वाचनात कोरी दिसलेली पाठ दुसऱ्या वाचनात बोलते, त्यामुळे 'पट्टी काढली आणि लगेच अहवाल दिला' असं झालं असेल तर ती टेस्ट अर्धवट आहे. तोंडावाटे स्टेरॉइड चालू असताना ही टेस्ट करू नये, पुरळ भरात असतानाही नाही. खाजेची गोळी चालू असली तर पॅच टेस्टला अडत नाही, प्रिक टेस्टला मात्र ती बरेच दिवस आधी थांबवावी लागते.

तरीही बिब्ब्यासाठी मी तुमची पॅच टेस्ट करणार नाही. ते तेल इतकं जहाल की टेस्टच नवी जखम करते, आणि ज्याची कातडी अजून चिडलेली नाही त्याची ती चिडवूनही ठेवते. घरी कुणी 'थेंबभर लावून बघू' म्हणालं तर हात धरा. तुमच्याबाबतीत लहानपणी उतलेला बिब्बा हीच पॅच टेस्ट होती, आणि तिचा निकाल घोट्यावर लिहिलेला आहे.

पॅच टेस्ट जिथे फार उपयोगी पडते ती जागा म्हणजे निकेल हा धातू. खोट्या कानातल्यांनी कान चिघळणाऱ्या, जीन्सच्या बटणाखाली बेंबीशी खाज येणाऱ्या बायकांपैकी काहींच्या तळहातांवर साबुदाण्याएवढे खोल, खाजरे फोड वारंवार उठतात. निकेल आपण खातोही: काजू, शेंगदाणे, तीळ, डाळी, सोयाबीन, ओट्स, कोको, चहा. आपलं शाकाहारी जेवण निकेलने भरलेलं आहे. पण म्हणून निकेलची पॅच टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकीला डाळ-दाणे बंद करायला सांगणं हा शुद्ध अतिरेक. नेहमीच्या जेवणातल्या निकेलने उठणारे निकेल-अॅलर्जिक रुग्ण थोडेच असतात, प्रयोगांत पुरळ उठवायला बहुधा त्याच्या कितीतरी पट, मिलिग्रॅममध्ये मोजावा असा डोस लागतो. आधी दागिने बदला. मग हिमोग्लोबिन बघा, कारण लोह कमी असलं की आतडी निकेल जास्त ओढून घेतात, आणि आपल्या बायकांत लोह कमी असणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. जेवणासोबत लिंबू-आवळा असला तर निकेल कमी शोषलं जातं. चिंचेचं, टोमॅटोचं आंबट नव्या कोऱ्या स्टीलच्या भांड्यात फार वेळ उकळू नका. एवढं करून फोड थांबले नाहीत, तरच चार-सहा आठवडे कमी निकेलचं जेवण, आणि नंतर ते मुद्दाम पुन्हा खाऊन बघणं. ही दुसरी पायरी कुणी करत नाही. पदार्थ काढतात, बरं वाटतं, आणि परत घालून न बघताच तो गुन्हेगार ठरतो.

मलमांचंही असंच. जखमेवर निओमायसिनचं मलम लावून इसब झालेल्या माणसाला पुढे जेंटामायसिनचं इंजेक्शन दिलं की अंगभर उठू शकतं, दोन्ही औषधं एकाच घराण्यातली. रबरी हातमोज्यांतल्या थायुराम या रसायनाने हात सोलवटणाऱ्याला दारू सोडवायची डायसल्फिराम दिली तर तेच होतं, कारण ती गोळीही थायुरामच. शिवाय डायसल्फिराम शरीरातलं निकेल हलवते, त्यामुळे निकेल-अॅलर्जी असलेल्याचंही इसब पेटतं. नवऱ्याच्या आमटीत ही गोळी गुपचूप कालवण्याचा उपद्व्याप बऱ्याच घरांत होतो. त्याचे पुरळाहून गंभीर धोके आहेत, दारूवर ती पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. पण 'काही घेत नाही हो' म्हणणाऱ्या माणसाच्या अंगावर असं काही दिसलं की मी बायकोलाही बाजूला बसवून विचारते.

आता तुमच्याबाबतीत मी काय काय वगळेन. जांघ आणि नितंब म्हटलं की आपल्या हवेत पहिला नायटा. त्याची कड उठावदार, मधला भाग निवळलेला असतो. खरवडून पोटॅशच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की दहा-पंधरा मिनिटांत कळतं. औषधाच्या दुकानातलं स्टेरॉइड-मिश्रित मलम लावलं असेल तर ही कड पुसट होते आणि नायटा इसबासारखा दिसायला लागतो. लावलं असेल तर लपवू नका, ट्यूब घेऊन या. रात्री वाढणारी खाज आणि घरात आणखी कुणाला, विशेषतः बाळाला, पुरळ असेल तर खरूज. गरोदरपणातलं पुरळ बहुतेकींचं बाळंतपणानंतर काही आठवड्यांत जातं, दोन महिन्यांनी नव्याने उठणं त्यात बसत नाही. मात्र मोठे, ताणलेले पाण्याचे फोड येत असतील तर एक दुर्मीळ आजार वगळायला कातडीचा तुकडा तपासावा लागेल.

उपचार सोपे, पण पुरेसे दिवस हवेत. कमी भागावर असेल तर ताकदीचं स्टेरॉइड मलम, जांघेत आणि काखेत सौम्य, लस वाहते तिथे मिठाच्या पाण्याच्या गार पट्ट्या. स्तनांवर मलम लावायचं नाही. अंगभर असेल तर प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू उतरवत. या तेलाच्या इसबात पाच दिवसांचा कोर्स पुरत नाही, सहाव्या-सातव्या दिवशी सगळं परत उसळतं आणि रुग्ण म्हणतो औषध लागू पडलं नाही. खाजेच्या गोळीने झोप लागेल, इसब तिने जाणार नाही. बाळ अंगावर पीत असताना काय चालतं ते तिथेच विचारून घ्या.

थांबायचं नाही अशी लक्षणंही सांगते, तुमच्यासाठी नव्हे तर हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. कातडी खाजण्याऐवजी दुखायला लागली, डोळे लाल होऊन चिकटले, तोंडात किंवा जननेंद्रियावर सालटी निघाली, ताप आणि चेहऱ्यावर सूज आली, तर सकाळची वाट न बघता मोठ्या रुग्णालयात जा आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं सोबत न्या. खाल्ल्यावर काही मिनिटांत गांधींसोबत श्वास लागला, आवाज बसला, गरगरलं, तर लागतं ते अॅड्रिनॅलिन, मांडीच्या स्नायूत. एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन ही इंजेक्शनं नंतर, त्याच्या जागी नव्हे.

पुढे आयुष्यभर बिब्बा आणि गोडंबी वर्ज्य, भाजून-तळूनही नाही. बिब्ब्याचे थेंब दुधात पाडून घेण्याची रीत घरात असेल तर तीही नाही. वैद्यांकडून औषध घेताना 'बिब्बा उततो' हे आधी सांगा. भल्लातक, म्हणजे बिब्बाच, शुद्ध करूनच वापरायचं असा दंडक आयुर्वेदातही आहे, पण तुमच्यासारख्यांनी शुद्ध केलेलंही घेऊ नये. ओल्या काजूगरांची उसळ कुणी सोलून, धुऊन दिली तर खा, सोलायला स्वतः बसू नका. आंब्याचा देठाकडचा चीक धुऊन टाका, साल दातांनी ओढू नका, फोडी करून खा. कारखान्यात नीट सोललेले काजू आजवर चाललेत तर पुढेही चालतील.

तपासायला येताना लाडवांचा डबा, उरलेली गोडंबी, बाळंतपणानंतरच्या गोळ्यांची पाकिटं, लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि पुरळ पहिल्यांदा उठलं तेव्हाचे मोबाइलवरचे फोटो आणा. अंग पूर्ण निवळल्यावर आणि प्रेडनिसोलोन संपून दोन आठवडे झाल्यावर आईला गोडंबीशिवाय लाडू करायला सांगा, कढई, परात आणि डबा साबणाने नीट घासून. पहिल्या दिवशी एक खा आणि चार दिवस थांबा. काही उठलं नाही तर डिंक, खारीक, काजू, जायफळ सगळे निर्दोष सुटले.